तान्ह्याचा घास आणि घरचा स्वयंपाक

आपल्या मासिकात बियाणे, खते, गुरांची निगा, बाजारभाव इत्यादी विषयांवर दर महिन्यास काही ना काही उपयुक्त मजकूर येत असतो, आणि तो वाचून कास्तकार बंधू आपल्या वावरात त्याचा प्रयोगही करून पाहतात. वासरू केव्हा तोडावे, त्यास पेंड किती घालावी, चारा कुट्टी करून द्यावा की तसाच टाकावा, ह्याची चर्चा पारावर तासन्‌तास चालते. परंतु घरातील सहा-सात महिन्यांचे मूल काय खाते व किती खाते, असे विचारले तर बहुतेक गृहस्थ ‘ते बायकांचे काम’ म्हणून मोकळे होतात. आमचे मत ह्याहून निराळे आहे. घरात कोणते धान्य ठेवावयाचे व कोणते विकावयाचे हे पुरुष ठरवितात. सोंगणीस कोणी जावयाचे व घरी कोणी राहावयाचे हेही बहुधा तेच ठरवितात. तेव्हा मुलाच्या वाटीत काय पडावयाचे ह्याचा निकाल चुलीजवळ लागण्यापूर्वीच पुष्कळ अंशी खळ्यावर लागलेला असतो. म्हणून हा लेख घरातील कर्त्या पुरुषांनी आधी वाचावा व मग घरात वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

आमचे दुसरबीड गाव सिंदखेड राजा तालुक्यात मोडते, आणि सिंदखेड म्हणजे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान, हे वाचकांस सांगणे नलगे. त्यांचेच नाव देऊन महाराष्ट्र सरकारने २००५ साली माता-बालकांच्या आरोग्य व पोषणासाठी एक मिशन स्थापन केले. त्याचे मुख्य ठाणे तेव्हाच्या औरंगाबादेस होते व कामाचा आरंभ आदिवासी जिल्ह्यांपासून झाला. मूल पोटात आल्यापासून ते दोन वर्षांचे होईपर्यंतचे जे सुमारे हजार दिवस, त्यांवर सारी शक्ती लावावयाची, असे त्याचे धोरण होते. २००५-०६ च्या पाहणीत राज्यातील दोन वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३९ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली होती. २०१२ च्या पाहणीत तो आकडा २३ वर आला. ह्याचे श्रेय एकट्या मिशनचे नव्हे. परंतु मनावर घेतले तर सात वर्षांत किती फरक पडू शकतो, हे त्यावरून दिसून आले. पुढे मात्र ही चाल टिकलेली दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांत ३५ मुले खुजी निघाली. त्याच पाहणीत सर्व देश मिळून सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा व योग्य आहार मिळणारी मुले शेकडा ११ च्या आसपास भरली. शंभरांत अकरा! एवढी आणेवारी पिकाची आली असती तर आपण सर्वांनी मिळून तहसील कचेरीवर मोर्चा नेला असता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पहिले सहा महिने मुलास आईच्या दुधावाचून दुसरे काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण झाले की दोन गोष्टी एकदम घडतात. एक तर मुलाची वाढ व हालचाल इतकी होते की केवळ दुधाने त्याची भूक भागत नाही. दुसरे म्हणजे जन्मताना आईकडून शरीरात जो लोहाचा साठा आलेला असतो तो ह्याच सुमारास संपत येतो, व दुधात लोह फारच थोडे असते. म्हणून दूध चालू ठेवून त्याच्या जोडीला घरचे अन्न द्यावयाचे. दूध तोडावयाचे नाही. ते दोन वर्षे व त्यापुढेही पाजता येईल तोवर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. आईचे दूध व्यवस्थित मिळत असलेल्या मुलास बाहेरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांच्या वयात रोज सुमारे २०० उष्मांक, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००, आणि वर्षापासून दोन वर्षांपर्यंत सुमारे ५५० उष्मांक मिळाले पाहिजेत. हे आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सर्व हिशेब ह्यांवरच चालावयाचा आहे.

आपल्याकडे उष्टावणाचा संस्कार आहे आणि तो फार योग्य वेळी, सहाव्या-आठव्या महिन्यात होतो. त्या दिवशी मामाच्या मांडीवर बसवून मुलास खीर चाटवितात, आहेर होतो, जेवणावळ होते. घोटाळा होतो तो दुसऱ्या दिवसापासून. उष्टावण झाले म्हणजे मूल जेवू लागले असे सर्वजण मानतात. प्रत्यक्षात त्यास पुढचे तीन-चार महिने भाताची पेज व वरणाचे वरचे पाणी ह्यांवाचून फारसे काही मिळत नाही. वरणाच्या पाण्याविषयी तर इतका गैरसमज आहे की तो काढून टाकण्यास थोडी जागा खर्च करणे भाग आहे. डाळीचा जो कस तो डाळीच्या दाण्यात असतो. तो पातेल्याच्या तळाशी बसतो व थोरांच्या ताटात जातो. वर राहते ते पिवळे पाणी. त्यात हळदीचा रंग असतो, मिठाची चव असते, आणि मुलाच्या पोटात मावणारी जागा भरून टाकण्याचा गुण असतो. आठ किलो वजनाच्या मुलाचे पोट एका वेळी फार तर पाव लिटरभर धरते. ते पाण्याने भरले की मूल तृप्त दिसते, झोपीही जाते, आणि आजी म्हणते, ‘पोटभर जेवले हो!’ मात्र महिन्याअखेर अंगणवाडीच्या काट्यावर वजन जिथल्या तिथे.

तेव्हा पहिला नियम असा की मुलाचे अन्न दाट असावे. चमच्यात घेऊन चमचा तिरपा केला असता जे लगेच ओघळून जात नाही ते अन्न योग्य समजावे. सुरुवातीस अगदी मऊ घोटलेले, आठव्या-नवव्या महिन्यात बोटांनी कुस्करलेले, आणि वर्षाचे झाले की घरचेच बारीक करून, अशी पायरी धरावी. पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे पुरेत. वाढवीत वाढवीत आठव्या महिन्यापर्यंत पाव लिटरच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, आणि मधल्या वेळी काही किरकोळ खाणे.

‘हे सर्व खरे, पण मुलासाठी निराळा स्वयंपाक करावयास वेळ कोणास आहे?’ असा प्रश्न येथे येणार, आणि तो रास्त आहे. पहाटे उठून पाणी, झाडलोट, भाकरी, शिदोरी आटोपून जी बाई आठ वाजता निंदणीस निघते, तिने तान्ह्यासाठी वेगळे पातेले चढवावे असे सांगणे हे कागदी शहाणपण होय. आमचे सांगणे नेमके उलट आहे. निराळा स्वयंपाक करूच नये. घरात जे शिजते त्यातूनच मुलाचा वाटा काढावा. फक्त तो केव्हा काढावा व त्यात काय घालावे एवढे समजून घ्यावे. जमीन एकच, पण पोटहिस्सा निराळा पाडावा, तशातला हा प्रकार आहे.

खिचडीचे उदाहरण घेऊ. दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मुगाची डाळ हे प्रमाण फार उत्तम. धान्याच्या प्रथिनात जो एक घटक कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो, व डाळीत जो कमी तो धान्यात असतो. दोन्ही एकत्र शिजली म्हणजे एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. घरच्यांसाठी कुकर लावतानाच त्यात तीन-चार फोडी लाल भोपळ्याच्या किंवा गाजराच्या, अथवा मूठभर चिरलेला तांदुळजा, हळद व पाणी घालावे. मीठ व तिखट घालू नये. शिट्ट्या होऊन झाकण उघडले की प्रथम मुलाची वाटी काढावी, पळीच्या पाठीने घोटावी, वर एक चहाचा चमचा तूप किंवा गोडे तेल घालावे आणि लिंबाचे दोन थेंब पिळावे. मग उरलेल्या खिचडीस मीठ घालून लसूण-मिरचीची फोडणी द्यावी व थोरांनी जेवावे. ह्यात जादा वेळ लागला तो वाटी घोटण्याचा. आता हिशेब पाहा. मुलाच्या वाट्यास कोरडे धान्य व डाळ मिळून ३० ग्रॅम गेली तर सुमारे १०५ उष्मांक झाले, तेलाच्या एका चमच्याचे ४५, एकूण १५०. अशा दोन वाट्या दिवसातून पोटात गेल्या की नऊ महिन्यांच्या मुलाचे ३०० पुरे झाले. तो एक चमचा तेलाचा काढून टाका, म्हणजे दोन्ही वेळचे मिळून ९० उष्मांक एकदम कमी होतात. ‘तेलाने मुलास खोकला होतो’ म्हणून घरोघर तो चमचा वाचविला जातो. पण मुलाच्या एवढ्याशा पोटात उष्मांक बसवावयाचे तर तेल-तुपावाचून सोपा उपाय नाही.

तांदळाविषयी मात्र आमचे थोडे गाऱ्हाणे आहे. आपला मुलूख ज्वारीचा. पण मुलास ज्वारी जड, भात हलका, अशी समजूत धरून दोन वर्षांपर्यंत मऊ भातावरच ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. शंभर ग्रॅम सडलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. ज्वारीत ते सुमारे चार आणि बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅम असते. मग भाताचा एवढा मान कशासाठी? ज्वारीच्या कण्या हा आपल्या आजी-पणजीचा पदार्थ ह्या कामी उत्कृष्ट आहे. ज्वारी भरडून, पाखडून, रात्री भिजत घालावी व सकाळी भरपूर पाण्यात मूगडाळीसह मऊ शिजवावी. मुलाचा वाटा काढून त्यात तूप घालावे. थोरांनी त्याच कण्या अंबाडीच्या भाजीबरोबर, वर कच्चे तेल घेऊन खाव्या. भाकरीचेही तसेच. ताजी भाकरी तव्यावरून उतरताच पापुद्रा काढून आतला मऊ भाग घट्ट वरणात किंवा दुधात कुस्करावा व दहा मिनिटे झाकून ठेवावा. नऊ महिन्यांच्या मुलास तो सहज गिळता येतो. भिजविणे, मोड आणणे व आंबविणे ह्या क्रियांनी धान्यातील लोह अंगी लागण्यास जो अडथळा असतो तो कमी होतो, हे आता शास्त्रज्ञही सांगतात. म्हणून आंबील ही मुलासही चालते, फक्त ती दाट असावी आणि मुलाची वाटी मीठ-मिरची पडण्यापूर्वी काढावी.

पिठले मुलास चालते काय, असे कोणी विचारील. चालते, बेसन नीट शिजलेले असावे व मिरची मागाहून पडावी. वांग्याचे भरीत, दोडक्याची वा दुधी भोपळ्याची भाजी, शेवग्याचा कोवळा पाला, मेथी, हरभऱ्याची कोवळी भाजी ही सर्व बारीक घोटून वरणात मिसळता येतात. अंडे खाणाऱ्या घरी सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजविलेले अंडे कुस्करून द्यावे. ते दहा मिनिटांत तयार होते आणि त्याच्यासारखे सोयीचे दुसरे अन्न नाही. मांसाहारी घरी रविवारी मटण शिजते, तेव्हा मसाला पडण्याआधी काळजाचा एखादा मऊ तुकडा व दोन चमचे रस्सा मुलासाठी बाजूस काढावा. त्यातील लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा किती तरी सहज अंगी लागते. बहुतेक घरी मुलाच्या हातात चोखावयास नळी देतात. नळीने करमणूक होते. पोटात मात्र काही जात नाही. जे शाकाहारी आहेत त्यांनी डाळ, तीळ, पालेभाजी ह्यांच्या जोडीस लिंबू, आवळा, टोमॅटो असे काही आंबट अवश्य द्यावे, म्हणजे लोह अधिक शोषले जाते.

मीठ व साखर ह्यांविषयी एक वाक्य पुरे. वर्षाच्या आत मुलाच्या अन्नात वरून मीठ घालण्याची गरज नाही, व दोन वर्षांपर्यंत साखर-गुळाची सवय लावू नये. आपल्या जिभेस जे अळणी लागते ते त्याच्या जिभेस तसे लागत नाही.

आतापर्यंत सांगितले ते आई घरी असतानाचे. खरी अडचण सोंगणीच्या व कापूस वेचणीच्या दिवसांत येते. आई सकाळी जाते ती दिवे लागणीस परतते. मूल आजीपाशी राहते. सकाळी शिजविलेली खिचडी दुपारपर्यंत ठेवली तर आश्विनातल्या उन्हात ती बिघडते. शिजलेले अन्न दोन तासांवर मुलास देऊ नये हा नियम आपल्या हवेत कडक पाळला पाहिजे. हगवणीची निम्मी कारणे त्यात आहेत. मग आजीने दुपारी काय करावे? चुलीपाशी तिला फार वेळ बसवत नाही, व मूल अंगावर. अशा वेळी कामास येते ते भाजके पीठ.

हैदराबादेस राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे लहानशा खोलीत सुरू झालेल्या चौकशीतून ती वाढली व पुढे हैदराबादेस आली. त्या संस्थेने कुपोषित मुलांसाठी घरच्या घरी करता येईल असे एक मिश्रण ठरवून दिले, ते ‘हैदराबाद मिश्रण’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. भाजलेला गहू ४० ग्रॅम, भाजलेला हरभरा १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम व गूळ २० ग्रॅम; एकूण ८६ ग्रॅमांत सुमारे ३३० उष्मांक व ११ ग्रॅम प्रथिने. ह्यातील एकही जिन्नस आपल्यास विकत आणावा लागत नाही. गव्हाऐवजी निम्मी ज्वारी किंवा बाजरी घेतली तरी चालेल. गूळ धडधाकट मुलास न घातलेला बरा; त्याऐवजी खाते वेळी अर्धे पिकलेले केळे कुस्करावे. धान्य मंद आचेवर चांगले खमंग भाजावे, कारण पुढे हे पीठ शिजवावयाचे नसते; कच्चे राहिले तर पोट दुखते. मग ते दळून हवाबंद डब्यात ठेवावे. शेंगदाण्यात स्निग्धांश असल्याने ते एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच करावे. आजीने दुपारी वाटीत दोन-तीन मोठे चमचे पीठ घ्यावयाचे, उकळलेले गरम पाणी किंवा दूध ओतून ढवळावयाचे, तुपाचा थेंब सोडावयाचा. पाच मिनिटांचे काम. आणि हेच पीठ शाळेतून आलेल्या मोठ्या मुलांस दुधात कालवून द्यावे, गड्यास शिदोरीत लाडू म्हणून बांधून द्यावे; सातूच्या पिठाची आठवण असलेल्या वडीलधाऱ्यांस ते नवे वाटणार नाही.

शेंगदाण्यांबाबत एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. ओल्या शेंगा ढिगात राहून ज्यांस बुरशी चढली, जे दाणे सुरकुतलेले, काळपट वा कडवट आहेत, ते मुलाच्या पिठात तर नाहीच, कोणाच्याच खाण्यात घेऊ नयेत. त्या बुरशीचे विष यकृतास बाधते व ते भाजल्याने पुरते जात नाही. व्यापारी नाकारतो तो माल घरी वापरावा, ही काटकसर येथे घातक आहे.

ह्या पिठाचाच एक पुढचा प्रकार आहे, तो ज्यांस हौस असेल त्यांनी करून पाहावा. धान्याचे दाट खळीसारखे शिजविलेले पीठ मुलास गिळवत नाही, आणि पातळ केले तर त्यात कस राहत नाही, ही जी अडचण, तिच्यावर मोड आलेल्या धान्याचे पीठ हा तोडगा आहे. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठातील आहारशास्त्राच्या विभागात ह्या विषयावर पुष्कळ काम झाले. गहू किंवा बाजरी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात एक-दोन दिवस बांधून मोड आणावे, उन्हात खडखडीत वाळवावे, मोड चोळून पाखडून टाकावे, तव्यावर अगदी हलकेच भाजावे व दळावे. दाट, कोमट-गरम लापशीत ह्याचा एक चहाचा चमचा घालून ढवळले की पाच-दहा मिनिटांत ती पाहता पाहता सैल होते. मग पुन्हा एक उकळी द्यावी. पाणी न वाढविता लापशी पातळ होते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जवळजवळ दुप्पट पीठ मावते. ह्या कामी ज्वारी मात्र घेऊ नये असे आम्ही म्हणतो. कोवळी ज्वारी किंवा तिचा फुटवा खाऊन जनावर दगावते हे कोणा कास्तकारास ठाऊक नाही? तेच विषारी द्रव्य ज्वारीच्या मोडांतही तयार होते. मोड पूर्ण काढले तर धोका टळतो खरा, पण गहू-बाजरी घरात असता ती जोखीम कशाला?

काय देऊ नये ह्याची यादी लांब करीत नाही. चहात बुडविलेले बिस्कीट हा आज खेड्यापाड्यांतील तान्ह्या मुलांचा न्याहारीचा पदार्थ होऊन बसला आहे. त्यात मैदा व साखर, आणि चहातील तुरट द्रव्य अन्नातील लोहास अडवून धरते, म्हणजे नुकसान दुहेरी. दहा रुपयांची खारट-तिखट पाकिटे मुलाच्या हाती देऊन त्यास गप्प करणे हा दुसरा प्रकार. मध वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये. त्यात क्वचित असे सूक्ष्म जंतुबीज असते की जे थोरांस काही करीत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून त्यास लुळे पाडते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे पाच वर्षांच्या आतील मुलास देऊ नयेत. श्वासनळीत अडकून जीव जातो. बोरन्हाणाचा सोहळा गोड आहे आणि तो व्हावा. पण बोरे, शेंगा, उसाचे करवे मुलाच्या अंगावर ओतून झाले की तेथून लगेच गोळा करावे, कारण त्या गलबल्यात खाली बसलेले मूल हाताला लागेल ते तोंडात घालते.

भरविण्याच्या रीतीविषयी. मूल घरच्यांबरोबर पंगतीस बसावे, पण त्याची वाटी स्वतंत्र असावी. एकाच ताटात खाल्ले तर त्याने किती खाल्ले हे कोणासच कळत नाही, जसे सामाईक खात्यात कोणाच्या वहिवाटीत किती हे कळत नाही तसे. नाक दाबून, धाक घालून कोंबू नये. तोंड फिरविले तर थांबावे व थोड्या वेळाने पुन्हा द्यावे. नवी भाजी मूल आठ-दहा वेळा थुंकते व मग खाऊ लागते. भरविणाऱ्याने व मुलाने दोघांनीही हात साबणाने धुवावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले शतपटीने बरे, कारण ते धुता येते. ताप वा हगवण असता अन्न तोडू नये. थोडे थोडे, वारंवार द्यावे, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे एक वेळ जास्त जेवू घालावे.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी नेण्याचा शिधा मिळतो. तो कित्येक घरी म्हशीच्या आंबोणात जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. चव आवडत नसेल तर डाळ खिचडीत घालावी, पण ती मुलाच्या नावची आहे हे विसरू नये. तसेच आशाताई लोहाचे जे औषध देतात ते आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत द्यावयाचे असते; विष्ठा काळी होते म्हणून घाबरून बंद करू नये. दर महिन्यास वजन करून तक्त्यावरील रेघ पाहावी. सातबाऱ्यावरील नोंद चुकली तर आपण तलाठ्याकडे दहा हेलपाटे घालतो. ही रेघ सलग दोन महिने आडवी गेली तर एक हेलपाटा दवाखान्यात घालावा.

राहता राहिला धान्याचा प्रश्न, आणि तो आम्ही दप्तरी सवयीने मांडून दाखवितो. वर्षाच्या पुढील मुलास रोज ५५० उष्मांक हवे. त्यांपैकी १३५ तीन चमचे तेलातून येतील. बाकीच्यांसाठी धान्य व डाळ मिळून दिवसास सुमारे १२० ग्रॅम लागेल. वर्षाचे झाले सुमारे ४४ किलो. त्यात डाळ १५ किलो व धान्य २९ किलो. म्हणजे एका मुलाचे वर्षभराचे धान्य अर्ध्या क्विंटलच्या आत बसते. असे असून आज आमच्या भागात ज्या घरी वीस-पंचवीस क्विंटल सोयाबीन होते त्याच घरी श्रावणात मुगाची डाळ किलोने दुकानातून येते, हे नित्याचे चित्र आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीनने ज्वारी, मूग, उडीद मागे सारले. नगदी पिकास आमचा विरोध नाही. त्यावरच घरे उभी राहिली. पण सोयाबीन घरच्या चुलीवर येत नाही. ते पूर्ण शिजविल्यावाचून पचतही नाही. तुरीच्या ओळी सोयाबीनमध्ये बहुतेकजण घालतात, त्या असू द्याव्या. शिवाय दोन-चार तासे मुगाची धरावी आणि बांधाकडेला दहा-वीस गुंठे ज्वारी पेरावी, कडबाही मिळतो. भाद्रपदात मूग निघाला की त्यातला चांगला निवडलेला पंधरा-वीस किलो दाणा विक्रीपूर्वी बाजूस काढावा, तीन-चार कडक उन्हे द्यावी, दाताखाली कडकन फुटेल इतका वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत बंद करावा, आणि कोठीवर मुलाचे नाव लिहावे, म्हणजे पाहुण्यांच्या वड्यांसाठी त्यास कोणी हात लावणार नाही.